सरकारी तिजोरीवर चालणारे फुटबॉल क्लब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवार-रविवारी रात्री इंग्लंडची प्रीमियर लीग बघणाऱ्या मराठी मंडळींमध्ये मँचेस्टर सिटी, पीएसजी आणि न्यूकॅसल यांच्यावरून वाद झाला, की तेच तेच प्रश्न पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. फुटबॉल हा मूळचा गावाचा, मोहल्ल्याचा खेळ. तो परराष्ट्र धोरणाचा भाग झाला, तर त्यात काय बदलतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. माझं मत उत्तरांमध्ये आहेच, ते लपवलेलं नाही.

परदेशी सरकारचा क्लब म्हणताना नेमके कोणते क्लब डोळ्यांसमोर असतात?

मुख्यतः तीन. पहिला मँचेस्टर सिटी. सप्टेंबर २००८ मध्ये अबू धाबीच्या राजघराण्यातले शेख मन्सूर यांच्या 'अबू धाबी युनायटेड ग्रुप'ने तो घेतला. दुसरा पॅरिस सेंट-जर्मेन, म्हणजे पीएसजी. 'कतार स्पोर्ट्स इन्व्हेस्टमेंट्स'ने २०११ मध्ये त्याचा ७० टक्के हिस्सा घेतला आणि पुढच्या वर्षी उरलेलाही. तिसरा न्यूकॅसल युनायटेड. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी सौदी अरेबियाच्या 'पब्लिक इन्व्हेस्टमेंट फंड'ने, म्हणजेच पीआयएफने, दोन भागीदारांना सोबत घेऊन सुमारे ३० कोटी ५० लाख पौंडांना तो विकत घेतला. त्यात फंडाचा वाटा ८० टक्के होता.

पण सिटी तर शेख मन्सूर यांची खासगी मालमत्ता आहे ना?

कागदावर तसंच आहे आणि क्लबही हेच सांगत आला आहे. पण कागद बाजूला ठेवून माणसं बघा. शेख मन्सूर संयुक्त अरब अमिरातीचे उपपंतप्रधान आहेत आणि २०२३ पासून उपराष्ट्राध्यक्षही. क्लबचे अध्यक्ष खलदून अल मुबारक हे अबू धाबीच्या 'मुबादला' या सरकारी गुंतवणूक कंपनीचे प्रमुख आहेत. शर्टावर आणि स्टेडियमवर नाव आहे एतिहादचं, आणि तीही अबू धाबीची सरकारी विमान कंपनी. ज्या देशात राजघराणं आणि सरकार यांच्यातली सीमारेषाच पुसट आहे, तिथे 'खासगी' या शब्दावर किती भिस्त ठेवायची हे ज्याचं त्याने ठरवावं. मी फारशी ठेवत नाही.

पीएसजीच्या बाबतीत हा आडपडदा जवळपास नाहीच. अध्यक्ष नासेर अल-खेलाइफी २०१३ पासून कतारच्या मंत्रिमंडळात बिनखात्याचे मंत्री आहेत.

श्रीमंत मालक तर आधीही होते. रशियन अब्जाधीश अब्रामोविच यांनी लंडनचा चेल्सी क्लब २००३ मध्ये घेतला. मग सरकारांचंच वेगळं काय?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि याचं उत्तर 'त्यांच्याकडे जास्त पैसा आहे' एवढंच नाही.

एखादा उद्योगपती कितीही श्रीमंत असला, तरी त्याचा धंदा बसू शकतो. त्याच्यावर खटले होतात, त्याचा मुलगा वारसाहक्काने क्लब विकून टाकतो. अब्रामोविच यांचंच बघा : रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर ब्रिटिश सरकारने मार्च २०२२ मध्ये त्यांच्यावर निर्बंध लादले आणि काही आठवड्यांत क्लब त्यांच्या हातून गेला. हेच एखाद्या मित्रराष्ट्राच्या बाबतीत करता येईल का? ज्या देशाला ब्रिटन शस्त्रं विकतो, ज्याची गुंतवणूक त्याला हवी असते, त्या देशाच्या क्लबला शिक्षा म्हणजे राजनैतिक घटना ठरते. लीगच्या कार्यालयातल्या वकिलासमोर दुसऱ्या बाजूला परराष्ट्र खातं उभं असतं.

आणखी एक फरक म्हणजे उद्दिष्टाचा. सरकारला क्लबमधून नफा काढायची घाई नसते. त्याला हवी असते ओळख, हव्या असतात ओळखीपाळखी, आणि अडचणीच्या काळात बाजूने बोलणारी माणसं. फुटबॉलचे नियम नफ्यातोट्याचा विचार करणाऱ्या मालकांसाठी लिहिले गेले. सरकार नावाचा मालक त्या नियमांच्या कल्पनेतच नव्हता.

या देशांना यातून मिळतं काय?

तेलावरचं अवलंबित्व कमी करायचं आहे, पर्यटन वाढवायचं आहे, विमान कंपन्या जगभर न्यायच्या आहेत. ही कारणं खरी आहेत आणि ती हसण्यावारी नेऊ नयेत. कतारसारख्या छोट्या देशाला जगाने नकाशावर ओळखावं हीच एक प्रकारची सुरक्षा वाटते. २०१७ मध्ये सौदी अरेबिया आणि अमिरातीसह शेजाऱ्यांनी कतारची नाकेबंदी केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पीएसजीने ब्राझीलच्या नेमारला बार्सिलोनाकडून २२ कोटी २० लाख युरोंना घेतलं. आम्ही कोपऱ्यात सापडलेलो नाही, हे जगाला सांगण्याचा यापेक्षा मोठा मार्ग कतारला सापडला नसता.

दुसरी बाजू स्पोर्ट्सवॉशिंगची, म्हणजे खेळाच्या झगमगाटात मानवी हक्कांचे प्रश्न झाकण्याची. पत्रकार जमाल खशोगी यांची ऑक्टोबर २०१८ मध्ये इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत हत्या झाली. पीआयएफचे अध्यक्ष आहेत युवराज मोहम्मद बिन सलमान. त्या हत्येशी त्यांचा संबंध अमेरिकी गुप्तचर अहवालाने जोडला, सौदी सरकारने तो नाकारला. अमिरातीत अहमद मन्सूर हे मानवी हक्क कार्यकर्ते २०१७ पासून तुरुंगात आहेत. कतारमध्ये विश्वचषकाची स्टेडियमं बांधणाऱ्या स्थलांतरित मजुरांची स्थिती काय होती, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

मग स्पोर्ट्सवॉशिंगने डाग खरोखर धुतले जातात का?

डाग जात नाहीत. उलट क्लब घेतल्यामुळेच अनेकांनी या देशांच्या तुरुंगांबद्दल पहिल्यांदा वाचलं. पण त्यामुळे उद्देश फसला असं म्हणणं घाईचं ठरेल. सगळ्यांचं मत बदलावं, हे मुळात उद्दिष्टच नसतं. लाखभर लोकांना मत मांडणंच नकोसं व्हावं, एवढं पुरतं.

१२ मार्च २०२२ रोजी सौदी अरेबियाने एका दिवसात ८१ जणांना देहदंड दिला. दुसऱ्या दिवशी न्यूकॅसलचा सामना चेल्सीशी होता. सामन्यानंतर प्रशिक्षक एडी हाउ यांना त्याबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी आपण फुटबॉलवरच बोलू असं उत्तर दिलं. ते वाईट गृहस्थ नाहीत. संघ बांधणं हे त्यांचं काम आणि ते त्यांनी उत्तम केलं आहे. पण एका इंग्लिश क्लबच्या प्रशिक्षकाला फाशीच्या शिक्षांबद्दल प्रश्न टाळावा लागतो, चाहत्याला ऑफिसात सहकाऱ्यांसमोर दुसऱ्या देशाच्या राजवटीची वकिली करावी लागते, आणि यातलं काहीही त्यांनी मागितलेलं नसतं. माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. माणसाचं आपल्या क्लबवरचं प्रेम त्याला न विचारता कोणाच्या तरी कामाला जुंपलं जातं.

न्यूकॅसलच्या खरेदीला परवानगी मिळालीच कशी?

ही गोष्ट सविस्तर समजून घेण्यासारखी आहे, कारण सगळी मेख तिच्यात आहे.

पहिला प्रयत्न २०२० चा. तेव्हा अडथळा मानवी हक्कांचा नव्हता, टीव्ही हक्कांचा होता. मध्यपूर्वेत प्रीमियर लीग दाखवण्याचे हक्क कतारच्या 'बीइन स्पोर्ट्स'कडे होते. सौदी अरेबियात त्या वाहिनीवर बंदी होती आणि तिचंच प्रक्षेपण चोरून दाखवणारी 'बीआउटक्यू' नावाची सेवा चालू होती. जागतिक व्यापार संघटनेच्या समितीने जून २०२० मध्ये सौदी अरेबियाने या चोरीवर कारवाई केली नाही असा ठपका ठेवला. लीगपुढे प्रश्न उभा राहिला : क्लबचा मालक फंड की सौदी सरकार? सरकार मालक असेल, तर चोरीचा प्रश्न मालकापर्यंत जातो. उत्तर लांबलं आणि जुलैमध्ये खरेदीदारांनी माघार घेतली. मधल्या काळात सौदी युवराजांनी ब्रिटिश पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्याकडे शब्द टाकल्याच्या बातम्याही आल्या.

ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदी अरेबियाने बीइनवरची बंदी उठवायचं ठरवलं आणि एका दिवसात खरेदी मंजूर झाली. सौदी सरकार क्लबवर नियंत्रण ठेवणार नाही अशी 'कायदेशीरदृष्ट्या बंधनकारक हमी' मिळाल्याचं लीगने जाहीर केलं.

पुढचा भाग अमेरिकेतला. पीआयएफच्या पैशावर उभ्या राहिलेल्या लिव्ह गोल्फ स्पर्धेवरून तिथे खटला चालू होता आणि न्यायालयाने फंडाकडून व त्याचे प्रमुख यासिर अल-रुमय्यान यांच्याकडून माहिती मागितली होती. २०२३ च्या सुरुवातीला त्यांच्या वकिलांनी न्यायालयात काय म्हणावं? फंड हा सौदी राज्याचाच सार्वभौम घटक आहे आणि अल-रुमय्यान हे सौदी सरकारचे विद्यमान मंत्री आहेत, म्हणून त्यांना सवलत मिळावी. हेच अल-रुमय्यान न्यूकॅसलचे अध्यक्ष आहेत. इंग्लंडमध्ये फंड सरकारपासून वेगळा, अमेरिकेत फंड म्हणजेच सरकार. प्रीमियर लीगने यानंतर खरेदीचा निर्णय फिरवला नाही.

आणि न्यूकॅसलच्या लोकांना याचं काहीच वाटलं नाही?

त्यांना दोष देण्याआधी त्या शहराचा इतिहास बघा. आधीचे मालक माइक ॲशली यांच्या १४ वर्षांत क्लब दोनदा खालच्या विभागात घसरला. शहराला क्लब म्हणजे सर्वस्व, आणि मालकाला त्याचं सोयरसुतक नाही असं लोकांना वाटत होतं. खरेदीच्या दिवशी सेंट जेम्स पार्कबाहेर जल्लोष झाला. १६ मार्च २०२५ रोजी वेम्बलीवर लिव्हरपूलला २-१ असं हरवून संघाने लीग कप जिंकला. १९५५ नंतरचा तो पहिला देशांतर्गत मोठा चषक. सत्तर वर्षं वाट बघणाऱ्या घरांमधल्या तीन पिढ्यांचे अश्रू खरे होते. खरेदीला विरोध करणारा चाहत्यांचा छोटा गटही त्याच शहरात उभा राहिला आणि त्याला बरंच ऐकून घ्यावं लागलं. मला दोघांबद्दलही आदर आहे.

पैशाने चषक विकत घेता येतात का?

लीग बऱ्याच अंशी, हो. २०१३ ते २०२५ या काळातल्या १३ फ्रेंच विजेतेपदांपैकी ११ पीएसजीने जिंकली. सिटीने २०१२ पासून २०२४ पर्यंत आठ वेळा प्रीमियर लीग घेतली. त्यातली शेवटची चार सलग, आणि इंग्लंडच्या अव्वल विभागात त्याआधी असं कोणालाही जमलं नव्हतं.

युरोपातल्या अव्वल क्लबांची चॅम्पियन्स लीग मात्र अडून बसली. सिटीला ती मिळायला २०२३ उजाडलं, म्हणजे पंधरा वर्षं लागली. पीएसजीने नेमार, एम्बाप्पे, मेस्सी एकाच संघात खेळवले आणि रिकाम्या हाताने परतले. तिघेही गेल्यावर प्रशिक्षक लुईस एन्रिके यांच्या तरुण संघाने ३१ मे २०२५ रोजी म्युनिकमध्ये इंटर मिलानचा ५-० असा फडशा पाडला. त्यामुळे सिटीला जिंकवणारे प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला किंवा एन्रिके यांचं श्रेय पैशाच्या खात्यात टाकू नये. पैशाने मिळते ती चुका करत राहण्याची मुभा. चुकीचा स्ट्रायकर घेतला तर एखादा मध्यम क्लब तीन वर्षं फेडत बसतो. यांना पुढच्या हंगामात दुसरा घेता येतो.

नेमारच्या सौद्याने बाजार खरंच बिघडला का?

त्याआधीचा विक्रम २०१६ मधला पॉल पोग्बाचा, सुमारे १० कोटी ५० लाख युरोंचा. एका वर्षात आकडा दुपटीपलीकडे गेला. बार्सिलोनाच्या हातात एकदम रोकड आली आणि हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे डेम्बेले आणि कुटिन्हो यांच्यासाठी त्यांना प्रचंड किंमत मोजावी लागली. कुटिन्होचे पैसे मिळालेल्या लिव्हरपूलने व्हॅन डाइक आणि ॲलिसन घेऊन युरोप जिंकलं, बार्सिलोना मात्र कर्जात रुतत गेला. दोहातून निघालेला पैसा असा सगळीकडे फिरला. नेमारचा विक्रम आजही अबाधित आहे.

आर्थिक नियम आहेत ना? मग कारवाई का होत नाही?

युरोपीय संघटना युएफाने कमाईपेक्षा जास्त खर्च करू नका, असा नियम केला. पण मालकाच्याच देशातल्या कंपनीने प्रायोजक म्हणून हवी तेवढी रक्कम दिली, तर ती 'कमाई' होते. कतारच्या पर्यटन खात्याने पीएसजीला दिलेल्या पैशांवरून हाच वाद झाला. २०१४ मध्ये सिटी आणि पीएसजी दोघांनाही दंड झाला.

नोव्हेंबर २०१८ मध्ये जर्मन साप्ताहिक 'डेर श्पीगल'ने सिटीचे अंतर्गत ईमेल छापले. प्रायोजकाच्या नावाखाली मालकाचाच पैसा आला, असा आरोप होता. युएफाने फेब्रुवारी २०२० मध्ये दोन वर्षांची बंदी घातली. जुलैमध्ये क्रीडा लवादाने ती उठवली : काही आरोप मुदतबाह्य ठरले, काही सिद्ध झाले नाहीत, आणि चौकशीत सहकार्य न केल्याबद्दल एक कोटी युरोंचा दंड राहिला. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रीमियर लीगने सिटीवर शंभराहून अधिक आरोप ठेवले. सुनावणी सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ अशी चालली, २०२५ संपलं तरी निकाल नव्हता. सिटीने सगळे आरोप नाकारले आहेत, आणि निकालाआधी त्यांना दोषी म्हणणं चूक आहे. पण याच लीगने एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचे गुण २०२३-२४ च्या एकाच हंगामात कापूनही टाकले. त्यांनी हिशेब मान्य केले होते, प्रकरणं सोपी होती, हे खरं. तरीही ज्याच्याकडे वकिलांची फौज आहे त्याचा न्याय लांबतो, हे सामान्य प्रेक्षकाला दिसतंच.

पीएसजीच्या अध्यक्षांचं तर वेगळंच. २०२१ मध्ये अल-खेलाइफी युरोपीय क्लबांच्या संघटनेचे प्रमुख झाले. ते युएफाच्या कार्यकारिणीत आहेत, आणि युएफाचे सामने विकत घेणाऱ्या बीइनचेही प्रमुख आहेत. नियम करणारा, नियम पाळणारा आणि पैसे देणारा एकच असेल, तर तक्रार कोणाकडे करायची?

एकाच मालकाचे अनेक क्लब असण्यात वाईट काय?

मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपचे न्यूयॉर्क, मेलबर्न, मोन्तेव्हिदेओ, जिरोना, पालेर्मो, बाहिया असे क्लब आहेत. सॅव्हिन्होची वाटचाल बघा. २०२२ मध्ये ग्रुपच्या फ्रेंच क्लबने, त्रुआने, त्याला घेतलं. तो तिथे एकही सामना खेळला नाही. उसनवारीवर नेदरलँड्सला, मग जिरोनाला गेला आणि २०२४ मध्ये सिटीत आला. त्रुआच्या चाहत्याने आपल्या संघाकडे कसं बघायचं? त्याच वर्षी जिरोना आणि सिटी दोघेही चॅम्पियन्स लीगसाठी पात्र ठरले, तेव्हा जिरोनाचे शेअर तात्पुरते विश्वस्तांकडे सोपवून मार्ग काढला गेला.

मुंबई सिटीचं काय?

नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. मैदानावर फायदा निर्विवाद झाला : २०२०-२१ मध्ये लीग शिल्ड (साखळी फेरीत पहिल्या क्रमांकाचा मान) आणि चषक (बाद फेरीचं विजेतेपद) दोन्ही, २०२२-२३ मध्ये पुन्हा शिल्ड, २०२४ मध्ये पुन्हा चषक. २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब ठरला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई सिटी आणि अल-हिलाल समोरासमोर आले. एका बाजूला अबू धाबीचा पैसा, दुसऱ्या बाजूला पीआयएफने त्याच वर्षी ७५ टक्के ताब्यात घेतलेला क्लब. तेव्हा अल-हिलालकडे असलेला नेमार जखमी असल्याने आला नाही, अल-हिलाल २-० ने जिंकले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच फंडाचा अल-नस्र फातोर्ड्यात एफसी गोवाशी खेळला. अल-नस्रचा रोनाल्डो आला नाही, पण गोव्याच्या ब्रायसन फर्नांडिसने गोल केला आणि गोव्याने २-१ एवढीच हार पत्करली. हे सामने बघायला मिळाले याचा मला आनंदच आहे.

पण भारतीय लीगचं भवितव्य अधांतरी झालं, तेव्हा डिसेंबर २०२५ मध्ये ग्रुपने आपला हिस्सा सोडला. आमच्या क्लबचं पुढे काय, हे मुंबईच्या चाहत्याला कोणी विचारलं नाही. दूरच्या मालकाच्या ताळेबंदात तुमचा क्लब ही एक ओळ असते, आणि ती कधीही खोडता येते.

आपली माणसं आखातात कमावतात. मग ही टीका ढोंगीपणा नाही का?

रत्नागिरी, रायगड, गोवा इथल्या कितीतरी घरांचं छप्पर आखातातल्या पगारावर उभं राहिलं, याबद्दल कृतज्ञता असायलाच हवी. पण ती त्या देशांत घाम गाळणाऱ्या आपल्या माणसांबद्दल. तिथल्या मजुराचा पासपोर्ट मालकाने का ठेवून घ्यावा, हा प्रश्न तर आपल्यालाच सगळ्यांत जवळचा आहे. म्हणून आपण तो अधिक जोरात विचारला पाहिजे.

पाश्चात्य मालकही धुतल्या तांदळाचे नाहीत. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये मँचेस्टर युनायटेड घेताना खरेदीचं कर्ज क्लबच्याच माथी मारलं. सिटी ज्यांच्याकडून घेतला गेला ते थायलंडचे माजी पंतप्रधान थाक्सिन शिनावात्रा यांच्यावरही मानवी हक्कांचे गंभीर आरोप होते. इंग्लिश फुटबॉलने दार आधीच सताड उघडं ठेवलं होतं. अरबांवर राग काढणाऱ्यांनी दार कोणी उघडलं हेही विचारावं.

शहराचा काही फायदा?

पूर्व मँचेस्टरमध्ये ८० एकरांचं प्रशिक्षण संकुल उभं राहिलं, पडीक भागात घरं आली. मात्र महापालिकेच्या जमिनी अबू धाबीशी जोडलेल्या कंपन्यांना स्वस्तात गेल्या, असा आक्षेप शेफिल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये घेतला.

जर्मनीत असं का होत नाही?

तिथे '५०+१' नियम आहे : क्लबच्या कंपनीत बहुमताचे हक्क सभासदांच्या संस्थेकडेच राहतात. लेव्हरकुसेन, वोल्फ्सबर्ग असे अपवाद आहेत आणि लाइपझिगने पळवाट काढली. तरी सभासदाच्या मताला धार आहे. बायर्न म्युनिकचा कतार एअरवेजशी करार होता. २०२१ च्या वार्षिक सभेत सभासदांनी त्यावरून रात्री उशिरापर्यंत गोंधळ घातला, २०२३ मध्ये तो करार वाढवला गेला नाही. मला हाच मार्ग योग्य वाटतो, मग त्यासाठी चॅम्पियन्स लीगचे दोन-चार चषक कमी मिळाले तरी चालतील.

इंग्लंडमध्ये आता काही बदलतंय का?

जुलै २०२५ मध्ये फुटबॉल कारभाराचा कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक आला. मालकांची पारख आता तो करेल, क्लबचं नाव, रंग, मैदान यांत मनमानी बदल करता येणार नाहीत, चाहत्यांशी सल्लामसलत करावी लागेल. परकीय सरकारांना क्लब घ्यायला मनाई मात्र या कायद्यात नाही.